तालीम हौद्याबाहेरची

उर्दूच्या तासाला 'तालीम' या शब्दाचा अर्थ विचारला की आमचा वर्ग दोन भागांत फुटतो. अर्ध्या मुलांना तालीम म्हणजे शाळा-मदरशातले शिक्षण वाटते, अर्ध्यांना पैलवानांची तालीम आठवते. दोन्ही बाजू बरोबर असतात. 'इल्म'च्या घराण्यातला हा अरबी शब्द, शिकवणे हा त्याचा मूळ अर्थ. उर्दूत तो वर्गात राहिला आणि मराठीत मातीत उतरला. त्याच्याबरोबर त्याची भावंडेही आली. कुस्ती, पैलवान, दंगल, जोर हे फारसीतून आले. मेहनत अरबीतून. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. ज्या हौद्यात माती खेळतात तो हौदा 'हौज'चा नातेवाईक. 'कसरत' तर मूळ अरबीत विपुलता, पुष्कळपणा. तीच गोष्ट पुष्कळ वेळा करायची म्हणून कसरत.

आता आपल्या घरांतली मुले तालमीत कमी आणि कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या क्लासला जास्त जातात. आनंदाची गोष्ट ही की मुलीही जातात. पांढरा पोशाख येतो, पट्ट्याचा रंग बदलत जातो, भिंतीवर प्रमाणपत्र लागते. आठवड्यातून तीन दिवस एकेक तास. पण आठवड्याचे तास १६८ असतात. उरलेल्या १६५ तासांत मूल या विद्येबद्दल काय शिकते, हे फार थोडे पालक विचारतात. क्लासची फी भरली की आपले काम संपले, असा समज आहे. आमच्या मते खरे काम तिथून पुढे सुरू होते. इजा, वजन, मारामारी, पोलीस आणि फसवी प्रमाणपत्रे, या साऱ्यांपासून मुलाला वाचवणारे ज्ञान त्या तीन तासांत सहसा मिळत नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जन्म १८६० चा. शरीराने लहानखुरे, शाळेत दांडगी मुले त्रास देत, म्हणून ते जुजुत्सू शिकले. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका मंदिराच्या आवारात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोडोकान ही संस्था सुरू केली. पुढे ते टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख झाले. आमच्या भाषेत सांगायचे तर बी.एड. कॉलेजचे प्राचार्य! १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे आशियातले पहिले सदस्य बनले.

या मास्तरांनी ज्युदो शिकण्याचे चार मार्ग ठरवले. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा संच. रांदोरी म्हणजे जोडीदाराशी मोकळी झोंबी. कोगी म्हणजे व्याख्यान. आणि मोंदो म्हणजे प्रश्नोत्तरे. पहिले दोन चटईवरचे, पुढचे दोन बसून करायचे. घाम गाळणे आणि बसून विचार करणे यांना त्यांनी एकाच विद्येत जागा दिली. आजच्या क्लासमध्ये पहिले दोन दिसतात, तेही स्पर्धा जवळ आली की एकच उरते. कोगी आणि मोंदो कुठे गेले, कुणास ठाऊक. पन्नास मुले रांगेत उभी, सर जपानी आकडे म्हणतात, मुले लाथा मारतात, तास संपतो. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. पन्नास मुलांत प्रश्नोत्तरे कशी करायची, हे आम्हा शाळेतल्या शिक्षकांनाही नीट जमलेले नाही.

आपल्याकडच्या तालमीत मात्र मोंदो होता, फक्त त्याला नाव नव्हते. मेहनत संपली की तालमीच्या कट्ट्यावर जुने पैलवान बसत. काल कुणाची ढाक फसली, एकेरी पट काढताना मान कुठे असायला हवी होती, निकाल डाव कधी बसतो, याची तासन्‌तास चर्चा चाले. पोर खाली बसून ऐकत असे. माती उकरणे, तीत तेल, ताक, हळद मिसळणे, वस्तादांचे अंग रगडणे ही कामे करताना पोराच्या कानावर डावांचे व्याकरण पडत होते. आज मुलाला क्लासच्या दाराशी स्कूटरवरून सोडतो आणि तासाने उचलतो. मध्ये कट्टा नाही. तेव्हा तो कट्टा घरातच करावा लागेल, आणि त्यासाठी आई-बापाला लाथ मारता यायची गरज नाही.

सुरुवात शब्दांपासून करावी. आम्ही भाषेचे शिक्षक, आमचा पक्षपात उघड आहे. कराटे शिकणारी मुले 'माए गेरी', 'मावाशी गेरी', 'आगे उके', 'गेदान बाराई' असे धडाधड ओरडतात. अर्थ विचारला तर "सर म्हणतात तसं" हे उत्तर. माए म्हणजे पुढे, गेरी म्हणजे लाथ. मावाशी म्हणजे वळवून, फिरवून. गेदान म्हणजे खालची पातळी, बाराई म्हणजे झाडून बाजूला सारणे. सर्वांत मजेदार 'उके'. मुले त्याचा अर्थ 'अडवणे' असा करतात आणि हात भिंतीसारखा आडवा टाकतात. मूळ जपानी क्रियापदाचा अर्थ घेणे, स्वीकारणे असा आहे. येणारा ठोसा घ्यायचा आहे, त्याला धडक द्यायची नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हा अर्थ वहीत लिहून घेतला आणि पंधरा दिवसांनी सांगितले की आता तिचे मनगट दुखत नाही. ज्युदोत पडण्याच्या तंत्राला 'उकेमी' म्हणतात, त्यातही हाच 'उके' आहे. 'मी' म्हणजे शरीर. जमिनीला शरीराने स्वीकारणे. नाव समजले की अर्धे तंत्र समजते. शंभर पानांची एक वही करावी, एका बाजूला जपानी शब्द, मध्ये मराठी, आणि घरी उर्दू चालत असेल तर तिसऱ्या रकान्यात उर्दू. दादी-नानींना विचारून शब्द शोधायला लावले तर त्याही रमतात.

उकेमीचाच धागा पुढे नेला तर नववी-दहावीचे विज्ञान हाती येते. पडणारा माणूस हात टेकवतो आणि मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडून बसतो, कारण सारा भार एका लहान जागेवर, एका क्षणात येतो. उकेमीत पाठ गोल करतात, हनुवटी छातीला लावतात म्हणजे डोके आपटत नाही, आणि पूर्ण बाहू सपाट जमिनीवर मारतात. भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे पुस्तकात मुलांनी पाठ केलेलेच असते. फक्त त्याचा पाठीशी संबंध कुणी जोडून दिलेला नसतो. ज्युदोत फेकण्याआधी 'कुझुशी' करतात, म्हणजे तोल ढळवतात. गुरुत्वमध्य पायांच्या आधाराबाहेर गेला की शंभर किलोचा माणूसही हलका होतो. कपाट सरकवणाऱ्या अम्मीला हे आधीच माहीत असते. ती कधी मधोमध ढकलत नाही, एक कोपरा उचलून फिरवते.

नियमांचे पुस्तक वाचणे हे कंटाळवाणे काम आहे आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मातीवर वाढलेल्या या पैलवानाला तिथे गादीवरची, वेगळ्या नियमांची कुस्ती खेळावी लागली. चार वर्षांनी हेलसिंकीला जाताना पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या स्पर्धेबद्दल अशी हकिकत सांगितली जाते की एक दीर्घ लढत संपताच त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो पुढे करून भांडायला भारताचा कुणी अधिकारी जागेवर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. पदकाचा रंग कदाचित तेवढ्यावर ठरला.

आपल्या मुलींच्या पालकांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरेबियाची सोळा वर्षांची वुजदान शहरखानी ज्युदोसाठी गेली. आंतरराष्ट्रीय ज्युदो संघटनेने आधी डोके झाकायला नकार दिला. आपल्याकडे अशा बातमीवर लगेच दोन टोके तयार होतात, आणि झालीही. पण नकाराचे कारण पाहिले तर ज्युदोत गळा आवळण्याचे डाव चालतात, त्यामुळे मानेभोवती गुंडाळलेले कापड धोक्याचे ठरू शकते. कारण समजल्यावर तोडगा निघाला. मानेभोवती न गुंडाळलेली, घट्ट बसणारी टोपीसारखी ओढणी मान्य झाली. तिची लढत ८२ सेकंदांत संपली, ती हरली. तिच्याकडे काळा पट्टाही नव्हता. तरीही दार उघडले. मुलीला क्लासमध्ये स्कार्फची अडचण आली तर आधी त्या खेळाचा नियम काय आहे आणि तो कशासाठी आहे हे विचारावे. वाद त्यानंतरही घालता येतो, आणि मग तो चांगला घालता येतो.

आता जिवावरची गोष्ट. वजनगट असलेल्या सगळ्या खेळांत वजन उतरवण्याचा प्रकार चालतो. स्पर्धेच्या दोन दिवस आधी मुलाचे पाणी तोडतात, प्लॅस्टिकचे जाकीट घालून पळवतात, थुंकायला लावतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे महिन्याभरात तीन महाविद्यालयीन पैलवान असे वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथे रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजन करण्याची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली, आदल्या रात्री तिने काय काय सोसले हे सर्वांनी वाचले. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालची अनुभवी खेळाडू होती. आपल्या सातवीतल्या मुलाजवळ कोण असते? वाढत्या वयाच्या मुलाने स्पर्धेसाठी वजन उतरवूच नये, वरच्या गटात खेळावे आणि हरावे. कोच नाराज झाला तर होऊ द्यावा. घरात हा शब्द अम्मीचा चालला पाहिजे.

डोक्याला मार लागण्याबाबतही तसेच. मूल पडले, क्षणभर गोंधळले, मग "मी ठीक आहे" म्हणाले, आणि पुन्हा चटईवर उतरले. असे होऊ देऊ नये. डोक्याला धक्का बसून गोंधळल्यासारखे झाले तर त्या दिवशी खेळ बंद, मुलाला कितीही बरे वाटले तरी. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, गुंगी, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांतले काहीही दिसले तर सरळ दवाखाना. नाकातून रक्त आले की आपल्याकडे डोके मागे टाकून झोपवतात, त्याने रक्त घशात जाते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा, मध्ये सोडून पाहू नये. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने उचलून दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे पोहोचावे. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. एवढ्या चार गोष्टी मोठ्या बहिणीला येत असतील तर ती क्लासबाहेर नुसती ताटकळत बसलेली नसते.

मुलांच्या, विशेषतः मोठ्या मुलग्यांच्या बाबतीत आम्हाला सर्वांत मोठी काळजी कायद्याची वाटते. शाळेच्या फाटकाबाहेर भांडण होते, कुणीतरी शिवी देतो, कराटे शिकलेला मुलगा शिकलेली लाथ मारतो आणि समोरच्याचा जबडा मोडतो. मुलाला वाटते आपण स्वसंरक्षण केले. आधीच्या दंडविधानाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. तो खरा हक्क आहे. स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचाही आहे. पण त्याला कुंपण आहे. रक्षणासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. शिवी दिली म्हणून मारणे, पळणाऱ्याला गाठून मारणे, काल मारले म्हणून आज मारणे, हे स्वसंरक्षण नव्हे. एकदा गुन्हा नोंदला की पोलीस पडताळणी, नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तो कागद आडवा येण्याची भीती असते. आखातातल्या नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या घरात याची किंमत काय, हे सांगायला नको. ही कलमे दहावीच्या मुलाबरोबर बसून वाचावीत. आम्ही वर्गात एक खेळ घेतो. एक प्रसंग सांगायचा आणि विचारायचे: इथे थांबायचे कुठे? मुलांची उत्तरे ऐकून आधी धक्का बसतो. तिसऱ्या-चौथ्या प्रसंगापर्यंत तीच मुले एकमेकांना अडवू लागतात, "अरे, तो तर मागे फिरला होता ना?" हाच मोंदो.

रमजान आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: क्लास बंद ठेवायचा का? बंद ठेवण्याचे कारण नाही, बदलायचा मात्र असतो. रोजा ठेवणाऱ्या मुलाने दुपारच्या उन्हात दमवणारा सराव करू नये. इफ्तारआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात सावकाश काता, लवचिकपणाचे व्यायाम, पवित्रे करता येतात, कारण पाणी जवळ आलेले असते. दमाचा सराव इफ्तारनंतर दीडदोन तासांनी. पाणी एकदम न ढोसता इफ्तार ते सहरी थोडे थोडे प्यावे. तळलेल्या भज्यांनी पोट भरून मग उड्या मारायला पाठवू नये, हे सांगावे लागते म्हणून सांगतो. झोप तुटते, तेव्हा दुपारची डुलकी द्यावी. मधुमेह किंवा दुसरा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. त्या दिवशी फार चक्कर आली तर सराव सोडावा. आणि हाच महिना वहीचा, नियमपुस्तक वाचण्याचा, मोठ्या खेळाडूंच्या लढती पाहण्याचाही आहे. लढत पाहतानाही नुसती पाहू नये. एकदा फक्त पाय पाहावेत, दुसऱ्यांदा फक्त पकड, तिसऱ्यांदा गुण कधी दिला आणि का. भावंडे बसून पाहत असतील तर आवाज बंद करून एकाने समालोचन करावे. घरात हसू होते आणि डोळा तयार होतो.

मुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्या पाहण्यात आठवी-नववीत बऱ्याच मुलींचा क्लास सुटतो. कधी अभ्यास, कधी क्लासची वेळ मगरिबनंतरची, कधी फक्त 'आता पुरे'. आम्हाला ते पटत नाही, आणि बाई शिकवणारी, वेळ सोयीची असा क्लास शोधून दिल्यावर काही घरे राजीही झाली आहेत. पण जिचा सुटला तिच्याजवळ काय उरते? लाथेची उंची सहा महिन्यांत जाते. पडावे कसे, रक्त थांबवावे कसे, मनगट कुणी धरले तर अंगठ्याच्या बाजूने सोडवून आधी ओरडावे आणि पळावे, कायदा आपल्या बाजूने कुठपर्यंत आहे, हे राहते. अट एवढीच की ते कुणीतरी शिकवलेले असले पाहिजे.

आणि प्रमाणपत्रे. 'आंतरराष्ट्रीय' असे नाव असलेल्या, एका हॉलमध्ये एका दिवसात उरकलेल्या स्पर्धांची पदके घेऊन पालक शाळेत येतात आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांबद्दल विचारतात. सगळीच प्रमाणपत्रे त्यासाठी चालत नाहीत. कुठला खेळ, कुठल्या संघटनेची, कुठल्या पातळीची स्पर्धा, यावर सारे अवलंबून असते, आणि यादीत बदल होतात. प्रवेशशुल्क भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे, शक्यतो लेखी. पट्ट्याच्या परीक्षेचेही तसेच. प्रमाणपत्र देणारी संस्था कुठे नोंदलेली आहे, परीक्षक कोण, नापास कुणी होते का, हे सरांना विचारायला लाजू नये. शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे कुणीच नापास होत नाही" असे उत्तर मिळाले तर फी परत मागून घ्यावी.